दावा जिंकलात, आता पैसे वसूल करा: काय करावे, काय टाळावे

ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या दरखास्तींचा, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या अर्जांचा, हिशेब मागवला, तेव्हा ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती पडून असल्याचं समोर आलं. सगळ्यांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता, सुमारे ३ लाख ४१ हजार. या दरखास्ती दाखल करणारा प्रत्येक जण दावा जिंकलेला आहे. निकाल त्याच्या बाजूने लागला, हुकूमनामा हातात पडला, आणि तरीही तो अजून कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो आहे. ही अवस्था नवी नाही. हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावरच सुरू होतात, अशी नोंद प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच केली होती.

बहुतेकांची गल्लत एकाच ठिकाणी होते. निकाल लागला की कोर्ट आपणहून पैसे वसूल करून देईल, असं त्यांना वाटतं. कोर्ट तसं करत नाही. देणेकऱ्याची मिळकत कुठे आहे, ती कोणाच्या नावावर आहे आणि तिच्यावर कोणता उपाय चालवायचा, हे दरखास्तदाराने सांगायचं असतं. कोर्ट त्यावर हुकूम देतं. म्हणून खालची यादी एका विचाराभोवती आहे: माहिती लवकर गोळा करा आणि ती घेऊन कोर्टात लवकर जा. ही यादी दिवाणी न्यायालयाच्या पैशाच्या हुकूमनाम्यासाठी आहे. ग्राहक आयोग, महारेरा वगैरेंबद्दल शेवटी थोडं लिहिलं आहे.

निकालानंतरचे पहिले दिवस

करा: निकालपत्र आणि हुकूमनामा या दोन्हींच्या प्रमाणित नकलांसाठी निकालाच्याच दिवशी अर्ज टाका. नक्कल हातात आली की वकिलाच्या टेबलावर ठेवून निघून जाऊ नका, स्वतः ओळ न् ओळ वाचा. प्रतिवाद्याचं नाव बरोबर आहे का? रक्कम बरोबर आहे का? व्याज किती टक्के, कोणत्या तारखेपासून, वसुलीपर्यंत की नुसतं निकालापर्यंत? दाव्याचा खर्च दिला आहे का? निकालानंतरच्या व्याजाबद्दल हुकूमनामा गप्प असेल, तर ते व्याज नाकारलं असंच कायदा धरतो. दरखास्त चालवणारं कोर्ट हुकूमनाम्याच्या बाहेर जाऊ शकत नाही. लेखनातली चूक असेल तर ती दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली त्याच कोर्टातून आधी दुरुस्त करून घ्या.

करा: अपील ज्या कोर्टात होऊ शकतं तिथे कॅव्हेट दाखल करा. म्हणजे तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय स्थगिती मिळत नाही. कॅव्हेट ९० दिवस टिकतं, पुढे नवं द्यावं लागतं.

टाळा: ‘समोरचा अपिलात गेलाय, आता काय करणार’ म्हणून हात बांधून बसू नका. अपील दाखल होणं म्हणजे स्थगिती नव्हे, संहितेच्या आदेश ४१ नियम ५ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. स्थगितीचा हुकूम दाखवा, असं विचारा. स्थगितीचा अर्ज आलाच तर रक्कम कोर्टात भरण्याची किंवा जामीन देण्याची अट घालावी, अशी लेखी मागणी करा. पैशाच्या हुकूमनाम्यात ही मागणी न करता स्थगिती होऊ देणं म्हणजे देणेकऱ्याला मिळकत हलवायला वेळ देणं.

करा: दोन वर्षांच्या आत दरखास्त टाका. हुकूमनाम्याला दोन वर्षं उलटून गेली की आधी देणेकऱ्याला कारणे दाखवा नोटीस काढावी लागते. ती बजावण्यात महिने जातात आणि तेवढ्यात तो सावध होतो.

टाळा: १२ वर्षांची मुदत आहे म्हणून निर्धास्त राहणं. ती शेवटची रेषा आहे. मुदत कायद्याच्या अनुच्छेद १३६ प्रमाणे पैशाच्या हुकूमनाम्याची दरखास्त १२ वर्षांत यायलाच हवी. इथे ‘उशीर माफ करा’ हा अर्ज चालत नाही, कारण त्या कायद्याचं कलम ५ दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ च्या, म्हणजे दरखास्तीच्या, अर्जांना लागूच नाही. स्थगिती नसताना नुसतं अपील पडून आहे, म्हणून मुदतीचं घड्याळ थांबेल यावर विसंबू नका.

पैसा कुठे आहे, ते आधी शोधा

हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे, आणि लोक नेमकं इथेच सर्वांत कमी कष्ट घेतात.

करा: दाव्याचीच फाइल पुन्हा उघडा. देणेकऱ्याने पूर्वी दिलेला चेक, मग तो वटलेला असो की परत आलेला, त्यावर बँक, शाखा आणि खाते क्रमांक छापलेला असतो. त्याच्या बिलावर जीएसटी क्रमांक असतो. तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की व्यवसायाचं नोंदलेलं नाव, मुख्य पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे दिसतं. त्याच्या उलटतपासणीत, कैफियतीत, जुन्या पत्रव्यवहारात नोकरी, भागीदारी, भाड्याने दिलेला गाळा यांचे उल्लेख सापडतात. दावा चालू असताना ज्या कागदाकडे कोणी पाहिलं नाही, तो दरखास्तीत कामाला येतो.

करा: जमिनीसाठी सातबारा आणि आठ-अ काढा, शहरातल्या जागेसाठी प्रॉपर्टी कार्ड, गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. गोव्यात फॉर्म १ व १४ पाहा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स टू तपासा. दावा लागल्यानंतर देणेकऱ्याने काही विकलं का, भावाला किंवा मेव्हण्याला बक्षीसपत्र करून दिलं का, ते तिथे कळतं. सातबाऱ्यावर फक्त नाव पाहून थांबू नका. ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का ते वाचा. जमीन ‘भोगवटादार वर्ग २’ आहे का ते पाहा, कारण तिच्या हस्तांतरणाला परवानगी लागते. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ आडवं येतं. ती बिगर आदिवासीला विकण्यावर बंधन आहे, आणि त्यात दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यावरची विक्रीही येते.

करा: मिळकतीच्या प्रतिज्ञापत्राची मागणी करा. माझ्या मते दरखास्तीतला हा सर्वांत उपयोगी अर्ज आहे, आणि कित्येक दरखास्तींमध्ये तो दिलेलाच नसतो. आदेश २१ नियम ४१ प्रमाणे हुकूमनाम्याची रक्कम ३० दिवस थकली, की कोर्ट देणेकऱ्याला त्याच्या सगळ्या मिळकतीचा तपशील प्रतिज्ञापत्रावर द्यायला सांगू शकतं. हुकूम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंग. त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बोलावून तोंडी विचारणाही करता येते.

या अर्जाची ताकद तयारीवर अवलंबून आहे. प्रतिज्ञापत्र येण्याआधी तुमच्याकडे स्वतःची यादी हवी: चेकवरचं खातं, आठ-अ वरचे गट क्रमांक, इंडेक्स टू मधली विक्री. मग त्याचं प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवून ताळा करा. गट क्रमांक गाळला असेल, खातं दाखवलं नसेल, तर तेवढ्याच मुद्द्यावर नेमके प्रश्न विचारा: ‘या शाखेत हे खातं तुमचं आहे का? ते कधी बंद केलं? त्यातली रक्कम कुठे गेली?’ शपथेवर खोटं सांगितल्याचं कागदावर उघडं पडलं की तडजोडीची भाषा समोरूनच सुरू होते.

टाळा: ‘देणेकऱ्याची जी काही जंगम-स्थावर मिळकत असेल ती जप्त व्हावी’ असा मोघम अर्ज. मिळकतीचं वर्णन, चतुःसीमा, गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, तिच्यात देणेकऱ्याचा हिस्सा, हे नसेल तर अर्ज त्रुटीत अडकतो.

टाळा: चुकीच्या कोर्टात वेळ घालवणं. हुकूमनामा साताऱ्यात झाला आणि देणेकऱ्याचा फ्लॅट पुण्यात असेल, तर साताऱ्याचं कोर्ट तो फ्लॅट जप्त करू शकत नाही. हुकूमनामा पुण्याच्या कोर्टाकडे वर्ग करून घ्यावा लागतो. तेवढ्यात फ्लॅट विकला जाईल अशी भीती असेल तर कलम ४६ खाली अर्ज करा. त्यावर पहिलं कोर्ट दुसऱ्या कोर्टाला दोन महिन्यांपुरती जप्ती करायला सांगू शकतं.

पगार आणि येणी

करा: देणेकरी नोकरदार असेल तर पगारावर जप्ती आणा. आकडेमोड सोपी आहे. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित असतो. पगार ३१,००० असेल तर १,००० वजा करून राहिले ३०,०००. त्यातले २०,००० सुरक्षित, म्हणजे महिन्याला १०,००० रुपये जप्त होऊ शकतात. एका हुकूमनाम्यासाठी ही जप्ती एकूण २४ महिने चालते, त्यानंतर त्याच हुकूमनाम्यासाठी पगाराला हात लावता येत नाही. म्हणजे या उदाहरणात २ लाख ४० हजार ही कमाल रक्कम झाली. देणं त्याहून मोठं असेल तर पगारावरच विसंबून दोन वर्षं घालवू नका, दुसरा उपाय सोबत सुरू ठेवा.

हुकूम मिळूनही कार्यालयाने रक्कम कापली नाही, तर ती भरण्याची जबाबदारी मालकावर येते. खासगी नोकरीत पगार वाटणारं कार्यालय त्या कोर्टाच्या हद्दीत असावं लागतं, हे अर्जापूर्वी पाहून घ्या.

करा: देणेकऱ्याला कोणाकडून पैसे यायचे आहेत, ते शोधा. ठेकेदाराचं बिल जिल्हा परिषदेकडे अडकलं असेल, व्यापाऱ्याचं येणं दुसऱ्या व्यापाऱ्याकडे असेल, भाडेकरू त्याला दरमहा भाडं देत असेल. अशा तिसऱ्या माणसाला गार्निशी नोटीस काढता येते. त्याने रक्कम देणेकऱ्याला न देता कोर्टात भरायची, आणि भरली की त्याचं देणं फिटलं. जुन्या धंद्यातल्या ओळखी इथे कामी येतात. कोणाचं बिल कुठे थांबलंय हे बाजारातल्या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

टाळा: ज्या गोष्टींना कायद्याने हात लावता येत नाही, त्यांच्यामागे लागणं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ची यादी दरखास्तीआधी वाचा. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, गुरं, बियाणं आणि त्याचं राहतं घर, भविष्य निर्वाह निधी, सरकारी निवृत्तिवेतन, आयुर्विम्याची रक्कम, हे सगळं सुरक्षित आहे. निवृत्तीची रक्कम मुदत ठेवीत टाकली तरी तिचं संरक्षण जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. आणि हे योग्यच आहे. आपलं देणं वसूल व्हावं, पण त्यासाठी एखाद्याच्या घरची चूल विझू नये. मंगळसूत्रावर नजर ठेवून केलेल्या अर्जाने तुमची बाजू कोर्टाच्या नजरेत उतरते.

जंगम जप्तीचा दिवस

चालत्या दुकानावर किंवा कारखान्यावर जंगम जप्ती नीट तयारीने गेली, तर कित्येकदा लिलावापर्यंत जावंच लागत नाही. बेलीफ वॉरंट वाचून दाखवतो, पंच समोर बसतात, मालाची यादी लिहायला सुरुवात होते आणि हमाल पहिलं खोकं टेम्पोत चढवतो. बाजारपेठ बघत असते. ज्या माणसाने वर्षानुवर्षं ‘पुढच्या महिन्यात देतो’ म्हटलं, तो अशा वेळी फोन फिरवून तासाभरात रक्कम उभी करतो. पण तयारी अर्धवट असेल तर बेलीफ ‘माल मिळून आला नाही’ किंवा ‘दुकान बंद होते’ असा शेरा मारून परत जातो आणि वॉरंट नव्याने काढावं लागतं.

करा: टेम्पो, हमाल आणि माल ठेवायला जागा, हे आदल्या दिवशी पक्कं करा. दोन निष्पक्ष पंच बरोबर न्या, तुमचे नातेवाईक नकोत. दुकान कधी उघडतं, आठवड्याची सुट्टी कधी, ते पाहून ठेवा. विरोधाची शक्यता असेल तर पोलीस बंदोबस्ताचा हुकूम आधीच घ्या. कुलूप लावून पळून जाण्याची शक्यता असेल तर कुलूप तोडण्याची परवानगीही मागून ठेवा.

करा: बेलीफाचा भत्ता आणि प्रोसेस फी नाझरकडे भरा, पावती घ्या. टेम्पो-हमालीच्या पावत्याही जपा. हा दरखास्तीचा खर्च देणेकऱ्याकडून मागता येतो.

टाळा: कोणाच्याही हातात ‘चहापाण्याचे’ पैसे ठेवणं. मागणी झालीच तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. वॉरंटच्या तारखा पुढे जात राहिल्या तर तोंडी कुरकुर न करता कोर्टात लेखी अर्ज देऊन अहवाल मागवा.

टाळा: राहत्या घरात सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी जाणं. कायदा त्याला मनाई करतो.

टाळा: जप्तीच्या दिवशी स्वतः वाद घालणं, शिवीगाळ, मोबाइलवर चित्रण करून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं. हुकूमनामा तुमच्या बाजूने असला तरी बदनामीची फिर्याद तुमच्यावर होऊ शकते. ‘वसुलीवाले’ पाठवण्याचा विचार तर मनातही आणू नका. धमकी दिली की तुम्ही दरखास्तदाराचे आरोपी होता, आणि समोरच्याला पोलीस ठाण्यात सांगायला एक कहाणी मिळते.

जमीन, फ्लॅट, घर

करा: स्थावर मिळकतीच्या जप्तीचा हुकूम झाला की त्याच आठवड्यात त्याची प्रत गावच्या महसूल कार्यालयात देऊन सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात नोंद मागा. दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत द्या. फ्लॅट असेल तर गृहनिर्माण सोसायटीच्या सचिवाला द्या. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या. जप्तीनंतर देणेकऱ्याने केलेली खासगी विक्री तुमच्या हक्कापुरती निरर्थक ठरते, हे कलम ६४ सांगतं. पण नोंद नसेल तर एखादा अजाण खरेदीदार पैसे मोजून बसतो आणि तुमच्या दरखास्तीत आणखी एक भांडण उभं राहतं. जप्तीपूर्वीच नोंदणीकृत साठेखत झालेलं असेल तर मात्र त्याला अपवाद आहे.

करा: दाव्याच्या काळात मिळकत बायकोच्या किंवा मुलाच्या नावावर केलेली आढळली, तर ती ‘गेली’ असं समजू नका. धनकोंना बुडवण्याच्या हेतूने केलेलं हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द करून घेता येतं. त्याला मुदत असते, म्हणून कळल्याबरोबर वकिलाशी बोला.

टाळा: दोन लाखांच्या देण्यासाठी दहा एकर जमीन विकायला काढणं. देणं फिटेल एवढीच मिळकत विकायची, असा नियम आहे. तो मोडला तर लिलाव पुढे रद्द होतो आणि खर्च वाया जातो. गाव नमुन्यातल्या एका गटाचा तुकडा पुरेसा असेल तर तेवढाच मागा. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत देणेकऱ्याचा हिस्सा नेमका किती, ते लिहा. भावांचा हिस्सा ओढला तर ते हरकत घेणारच, आणि त्यांची हरकत रास्तही असेल.

करा: लिलावाचे टप्पे माहीत करून घ्या. स्थावर मिळकतीचा जाहीरनामा लागल्यापासून किमान १५ दिवसांनी लिलाव होतो. बोली लागताच खरेदीदाराने २५ टक्के भरायचे, उरलेली रक्कम १५ दिवसांत. देणेकऱ्याने ६० दिवसांत तुमची रक्कम आणि खरेदीदारासाठी ५ टक्के जादा भरले, तर विक्री रद्द होते. तुम्हाला स्वतः बोली लावायची असेल तर कोर्टाची पूर्वपरवानगी हवी. ती मिळाली तर येणं आणि किंमत यांची वळती करून मागता येते.

टाळा: बँकेचा बोजा विसरून जाणं. जप्तीने मिळकतीवर तुमचा बोजा तयार होत नाही. तारण घेतलेली बँक आधी, तुम्ही नंतर. फ्लॅटची किंमत ४० लाख आणि गृहकर्ज ३८ लाख असेल तर तिथे वर्षं घालवण्यात अर्थ नाही.

करा: त्याच देणेकऱ्याविरुद्ध इतरांचे हुकूमनामे आहेत का, ते ई-कोर्ट्सवर नाव टाकून पाहा. दुसऱ्या कोणाच्या दरखास्तीत लिलाव होणार असेल, तर ती रक्कम कोर्टात जमा होण्याआधी तुमचीही दरखास्त दाखल असली पाहिजे. तसं असेल तर कलम ७३ प्रमाणे प्रमाणात वाटा मिळतो.

तुरुंगात टाकण्याबद्दल

लोक दरखास्तीत सर्वांत आधी हीच मागणी करतात. दिवाणी तुरुंग हा उपाय कायद्यात आहे, पण तो ऐपत असून न देणाऱ्यासाठी आहे. ज्याच्याकडे द्यायला नाही त्याच्यासाठी तो नाही. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे ठामपणे सांगितलं: नुसतं देणं थकलं म्हणून माणसाला कोंडता येत नाही, त्याची दानत खोटी असल्याचं दिसलं पाहिजे. मला हा निकाल मनापासून पटतो. कर्जात बुडालेल्याला आत टाकून कोणाचेही पैसे आलेले नाहीत.

करा: अटकेचा अर्ज द्यायचाच असेल तर ऐपतीचा पुरावा जोडा: निकालानंतर घेतलेली गाडी, विकलेली जमीन, चालू असलेला धंदा.

टाळा: स्त्रीविरुद्ध अटकेचा अर्ज, कारण पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. हुकूमनामा २,००० रुपयांपर्यंतचा असेल तर कोणालाच तुरुंगात ठेवता येत नाही. त्यावर ५,००० रुपयांपर्यंत जास्तीत जास्त सहा आठवडे, आणि ५,००० हून अधिक रकमेला जास्तीत जास्त तीन महिने. कैदेतला निर्वाह भत्ता तुम्हालाच भरावा लागतो. सुटल्यावर देणं तसंच राहतं, पण त्याच हुकूमनाम्यासाठी पुन्हा अटक होत नाही. हा उपाय एकदाच वापरता येतो, तो घाईत वाया घालवू नका.

तडजोड आणि हप्ते

करा: प्रामाणिक प्रस्ताव आला तर ऐका. व्याजातली थोडी सूट देऊन सहा महिन्यांत पैसे मिळत असतील, तर पूर्ण व्याजासाठी सहा वर्षं भांडण्यापेक्षा ते बरं. पण तडजोड कोर्टात पुरसिसवर (दोघांच्या लेखी निवेदनावर) सह्या करून किंवा लोकअदालतीत नोंदवा. त्यात तारखा लिहा, ‘एक हप्ता चुकला तर उरलेली संपूर्ण रक्कम व्याजासह एकदम’ हे कलम घाला, आणि शक्य असेल तर ऐपतदार जामीन घ्या. कोर्टात जामीन राहिलेल्याविरुद्धही दरखास्त चालवता येते.

करा: कोर्टाबाहेर आलेला प्रत्येक रुपया कोर्टाला कळवा. ती तुमची कायदेशीर जबाबदारी आहे आणि सचोटीचाही भाग आहे. रक्कम बँकेतून घ्या, रोख घेतली तर पावती द्या. हुकूमनाम्यात वेगळं काही नसेल तर आलेली रक्कम आधी व्याज आणि खर्चात, मग मुद्दलात जमा होते. तसा तक्ता दर वेळी अद्ययावत ठेवा. ३ लाख मुद्दलावर ६ टक्क्यांनी वर्षाला १८,००० रुपये व्याज होतं. असा साधा तक्ता न्यायाधीशांपुढे असला की हिशेबाचा वाद तारखांवर तारखा खात नाही.

टाळा: हप्ते सुरू झाले म्हणून दरखास्त ‘निकाली’ काढून घेणं. शेवटचा रुपया येईपर्यंत ती बोर्डावर राहू द्या. आणि तारखांना हजर राहा. गैरहजेरीत दरखास्त काढून टाकली गेली तर ती पुन्हा बोर्डावर घेण्याच्या अर्जाला फक्त ३० दिवस असतात.

टाळा: देणेकरी वारला म्हणून फाइल बंद करणं. वारसांना त्यांच्या वाट्याला आलेल्या मिळकतीपुरतं उत्तर द्यावं लागतं. पण त्याहून जास्त त्यांच्याकडून मागू नका, त्यांच्या स्वतःच्या कमाईवर तुमचा हक्क नाही. खासगी मर्यादित कंपनीविरुद्धचा हुकूमनामाही संचालकाच्या घरावर आपोआप चालत नाही.

दिवाणी कोर्टाबाहेरचे आदेश

ग्राहक आयोगाचा आदेश असेल तर दोन वाटा आहेत. २०१९ च्या कायद्याचं कलम ७१ दिवाणी पद्धतीची वसुली देतं. कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. महारेराच्या आदेशात बिल्डरकडची रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल होते. तिथे वसुलीचं वॉरंट निघाल्यावर तहसील कार्यालयात बिल्डरच्या मिळकतीचा तपशील तुम्हीच नेऊन द्या. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच चालतो आणि त्यावर अपील नाही.

ज्यांचा दावा अजून चालू आहे आणि समोरचा मिळकत विकायला निघालाय, त्यांनी निकालाची वाट पाहू नये. आदेश ३८ नियम ५ खाली निकालापूर्वीच जप्ती मागता येते. ती मिळाली तर निकालानंतर त्याच मिळकतीवर नव्याने जप्ती आणावी लागत नाही.

वेळ लागतोय, तर

दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राहुल शहा विरुद्ध जिनेंद्रकुमार गांधी या निकालात सांगितलं, आणि मार्च २०२५ मध्ये पुन्हा बजावलं. तुमच्या दरखास्तीला त्याहून जास्त काळ झाला असेल तर या दोन निकालांचा आधार घेऊन लवकर सुनावणीचा लेखी अर्ज द्या. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या पक्षकारांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठीचा देशभराचा क्रमांक १५१०० आहे.

घरात कपाटात एखादा जुना हुकूमनामा पडून असेल, वडिलांच्या नावाचा असला तरी, तो आज बाहेर काढून त्यावरची तारीख पाहा. १२ वर्षं भरायला थोडे महिने उरले असतील, तर या आठवड्यातच दरखास्त दाखल करा.